चार बटणं आणि एक मतदार : प्रभाग पद्धतीविरुद्ध सह्यांची मोहीम काढतोय, मसुद्यावर मतं हवीत

निवांत_नाना

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेसाठी मतदान केलं. वडील ८२ वर्षांचे. त्यांना धरून केंद्रावर नेलं, ते आत गेले आणि बाहेरच येईनात. डोकावून बघतो तर केंद्राध्यक्ष विनवण्या करताहेत, "आजोबा, अजून तीन बटणं राहिली." आणि आमचे तीर्थरूप म्हणताहेत, "मला एकच माणूस माहीत आहे, त्याला दिलं. बाकीचे तिघं कोण मला ठाऊक नाहीत. अनोळखी माणसाला मी दहा रुपये देत नाही, मत कशाला देऊ?" बझर वाजेना, मागे रांग वाढली. शेवटी कुणीतरी समजावलं की बाकीच्या तिन्ही ठिकाणी 'वरीलपैकी एकही नाही' दाबा. ते दाबलं, तेव्हा मशीन आणि वडील दोघंही मोकळे झाले.

घरी आल्यावर वाटलं, म्हातारा चुकीचं काय बोलला?

२०१७ ते २०२२ आमच्या प्रभागाला अ, ब, क, ड अशा जागांवर चार नगरसेवक होते. (शहराचं नाव सांगत नाही, घरमालक इथले सदस्य आहेत.) आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं झाकण फुटलं होतं. पहिल्याकडे गेलो, तो म्हणाला ते 'ब'वाल्या ताईंकडे. ताईंचे यजमान म्हणाले, आम्ही ओढ्याच्या पलीकडचं बघतो. तिसरे फोन उचलत नव्हते. चौथ्यांनी उचलला आणि विचारलं, "तुमची सोसायटी मतदानाला किती बाहेर पडली होती?" झाकण अखेर आम्ही वर्गणी काढून बसवलं. महिन्याभरात तिथे 'यांच्या संकल्पनेतून' असा फलक लागला, चौघांच्या फोटोसकट.

तर मागणी साधी आहे. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक, मग बाकीच्या महापालिकांनीच काय घोडं मारलंय? पुढची निवडणूक एकसदस्यीय वॉर्डाने घ्या, असं पत्र सह्या गोळा करून द्यायचं म्हणतो. मसुदा दोन दिवसांत टाकतो. आधी सांगा, मागणी बरोबर आहे का, आणि पत्र द्यायचं कुणाला?

फुकटफौजदार

आजोबांना दंडवत. उरलेल्या तिघांना ओळखणारा मतदार सापडला तर पुढच्या वेळी त्यालाच उभा करा.

चिंचगूळ

नाना, लिहायचं मनात होतंच.

आमच्या कामाच्या मावशी मतदानाच्या आदल्या दिवशी घोकत होत्या, "पांढऱ्यात तीन, गुलाबीत एक, पिवळ्यात पाच, निळ्यात दोन." अ, ब, क, ड च्या मतपत्रिकांचे ते रंग. मी विचारलं, मावशी, नावं काय त्यांची? त्या म्हणाल्या, "नावं कशाला, नंबर दिलेत ना त्यांनी."

आपण लोकप्रतिनिधी निवडतोय की गॅसचा नंबर लावतोय? चारांत एखादा ओळखीचा असतो, त्याच्या शेपटाला धरून बाकीचे तिघं पलीकडे जातात. आणि अपक्षाचं तर विचारूच नका. ८० हजारांवर लोकवस्ती, ती पायी फिरायलाच महिना लागतो. पॅनेल नसलेल्या माणसाने करायचं काय?

सही माझी धरा.

जुनापेठकर

मुंबईचं वेगळं आहे, तिला स्वतःचा १८८८चा कायदा आहे. बाकी शहरांचा खेळखंडोबा कसा झालाय ते पुण्यापुरतं सांगतो, कारण १९९७ पासून प्रत्येक वेळी मतदान केलंय.

२००२ : तीन सदस्यांचा प्रभाग.
२००७ : एक.
२०१२ : दोन.
२०१७ : चार.
डिसेंबर २०१९ : आता पुन्हा एक, असा कायदा. त्याची निवडणूक झालीच नाही.
२०२१ : एक नको, तीन. आराखडे झाले, हरकती झाल्या, सुनावण्या झाल्या. निवडणूक नाही.
२०२२ : सरकार बदललं, तीन नको, पुन्हा चार.
२०२६ : चार. एका प्रभागात तर पाच.

मधल्या काळात मुंबईच्या जागाही २२७ च्या २३६ झाल्या आणि २३६ च्या पुन्हा २२७. लोकसंख्या मात्र सगळ्यांनी २०११ च्या जनगणनेचीच धरलेली.

या उलटापालटी सगळ्याच सत्ताधाऱ्यांनी केल्या आहेत, त्यामुळे कुणीही छाती पुढे काढू नये. ज्याला जे सोयीचं वाटलं ते त्याने केलं. क्रिकेटमध्ये टॉस जिंकणारा फलंदाजी की गोलंदाजी एवढं ठरवतो. इथे तो स्टंपं किती ते ठरवतो.

नाना, 'एक सदस्य' एवढीच मागणी केलीत तर पुढचं सरकार ती मान्य करेल, त्याच्या पुढचं पुसून टाकेल. सहा वर्षांत तुम्ही पुन्हा इथेच धागा काढाल.

फुकटफौजदार

काका, पुढच्या वेळी अडीच सदस्यांचा प्रभाग सुचवा. तडजोड म्हणून.

आडवा_फाटा

नेहमीप्रमाणे मी विरुद्ध बाजूने. सगळे एका सुरात 'एकसदस्यीय' म्हणताहेत म्हणून दोन गोष्टी.

पहिली. एकसदस्यीय वॉर्ड म्हणजे दीड-दोन हजार मतांत खिशात टाकता येणारा वॉर्ड. तीन गल्ल्यांचा दादा, दोन गणेश मंडळं आणि एक वाळूवाला एवढ्यात काम भागतं. प्रभाग मोठा असला की निदान दादाला आपल्या गल्लीबाहेर हात जोडावे लागतात.

दुसरी. आरक्षणाची सोडत. एकसदस्यीय वॉर्डात या वेळी महिला राखीव, पुढच्या वेळी ओबीसी, त्यापुढे सर्वसाधारण. निवडून आलेल्या बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत असतं की हा वॉर्ड पुढे आपल्याला मिळणार नाही. मग त्या काम का करतील? चारच्या प्रभागात निम्म्या जागा कायम महिलांच्या, बहुतेक ठिकाणी एखादी मागासवर्गीय जागाही त्यातच. प्रभाग सोडून जावं लागत नाही. ५० टक्के महिला आरक्षण २०११ पासून आहे, त्याला स्थैर्य देणारी पद्धत कुठली याचा विचार कुणी केलाय?

नानांच्या ड्रेनेजचं वाईट वाटलं. पण एकच नगरसेवक असता आणि तोच फोन न उचलणारा असता तर?

चिंचगूळ

@आडवा_फाटा, तर निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते नक्की असतं. :)

सदस्याबाई

मी दहा वर्षांपूर्वी आमच्या ग्रामपंचायतीत सदस्य होते. गावाकडे प्रभागात दोन-तीन सदस्य ही गोष्ट जुनीच आहे, शहरवाल्यांना नवी वाटते एवढंच.

आमच्या वॉर्डात तिघं. मी राखीव जागेवरून. पहिल्या मासिक सभेला गेले तर शिपायाने विचारलं, "मालक नाही आले?" सही करायला मी, बोलायला मालक, असा रिवाज. मी म्हटलं मालक म्हशींचं बघतात, पंचायतीचं मी बघते. दुसऱ्या जागेवरच्या वहिनी पाच वर्षांत एकदाही बोलल्या नाहीत. पण शेवटच्या वर्षी त्यांनी माझ्या बाजूने हात वर केला आणि अंगणवाडीच्या खोलीचा ठराव एका मताने पास झाला. आम्ही दोघी एकाच वॉर्डात होतो म्हणून रोज पाण्यावर भेटायचो, म्हणून ते झालं. एकटी असते तर मीही गप्प बसले असते बहुतेक.

म्हणजे आडवे भाऊ म्हणतात त्यात तथ्य आहे. पण आमच्याकडे तीन सदस्य म्हणजे हजार-बाराशे मतदार, सगळे तोंडओळखीचे. ८० हजारांत चार ही वेगळी गोष्ट झाली.

बदलाबदलीचा वैताग गावातही आहे. सरपंच थेट जनतेतून असं २०१७ मध्ये केलं, २०२० मध्ये काढलं, २०२२ मध्ये पुन्हा आणलं. माझ्या सासूबाई विचारायच्या, "यंदा सरपंच आपण करायचा का त्यांनी?"

वऱ्हाडी_ठेचा

अरे बाप्पा, एक का चार ते नंतर पहा ना. आधी निवडणूक तं होऊ द्या! छत्रपती संभाजीनगरची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, नवी मुंबईची त्याच्या पुढच्या महिन्यात. नवा नगरसेवक भेटला जानेवारी २०२६ मध्ये. पावणेसहा वर्षं. त्या काळात पहिलीतलं पोरगं सातवीत गेलं. मुंबई-पुण्याचेही पावणेचार वर्षं प्रशासकाखाली गेले.

तेवढ्या काळात नाना, तुमचे ते फोन न उचलणारे चार बरे होते असं वाटलं का नाही? खरं सांगा.

निवांत_नाना

खरं सांगू? वाटलं. प्रशासकाच्या काळात क्षेत्रीय कार्यालयात गेलो तर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', आणि साहेबाला कुणाच्या मताची गरजच नाही. फोन न उचलणारा निदान निवडणुकीच्या वर्षी तरी उचलायचा.

काळाकोट

आता कायद्याचं. थोडं लांबेल.

७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातलं कलम २४३-यू स्वच्छ सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पुरी झाली पाहिजे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी अहमदाबादच्या प्रकरणात (किशनसिंग तोमर) हेच पुन्हा ठणकावलं.

मग महाराष्ट्रात काय झालं? आधी करोना. मग ४ मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा विकास गवळी निकाल, ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी, म्हणजे स्वतंत्र आयोग, त्याने गोळा केलेली आकडेवारी आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा. आकडेवारी तयार नव्हती आणि ओबीसी आरक्षणाविना निवडणूक घ्यायला कुठलाच पक्ष राजी नव्हता. त्यांची ती अडचण मी खोटी म्हणत नाही. पण मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतले, आणि त्या दिवशी सभागृहात सत्ताधारी नि विरोधक असा फरक दिसलाच नाही. पुढची तीन वर्षं तारखांवर तारखा. ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, मग मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली, तेव्हा कुठे हे १५ जानेवारीचं मतदान.

म्हणून नाना, पत्र कुणाला हा तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रभागात सदस्य किती हे महापालिका अधिनियमात आहे, ते बदलणं विधिमंडळाच्या हातात. आयोगाला पत्र दिलंत तर ते 'आमच्या कक्षेत नाही' असं उत्तर देतील आणि ते खरं असेल. पत्र नगरविकास विभागाला द्या, प्रत तुमच्या भागातल्या आमदारांना.

फुकटफौजदार

म्हणजे नगरसेवकाची तक्रार आमदाराकडे. आणि आमदार कसा निवडून येतो यावर वेगळा धागा.

गणोबा_मास्तर

वेगळा कशाला, दुखणं एकच आहे. जास्त मतं मिळवणारा सगळं घेऊन जातो. २०१४ च्या लोकसभेत भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा, १९८४ मध्ये काँग्रेसला ४९ टक्क्यांच्या आसपास मतांवर चारशेहून जास्त. आणि २०१४ मध्येच बसपाला देशभर ४ टक्क्यांहून जास्त मतं, जागा शून्य.

चारच्या प्रभागात हा रोग चौपट होतो. फळ्यावर मांडतो.

समजा प्रभागात तीन पॅनेल. मतं ४०, ३५, २५ टक्के. लोक चारही बटणं एकाच पॅनेलची दाबतात असं धरू. निकाल : ४-०-०. साठ टक्के लोकांनी ज्यांना नको म्हटलं त्यांच्याकडे चारही जागा. एकसदस्यीय चार वॉर्ड असते तर निदान एखाद्या वॉर्डात दुसरं पॅनेल निघालं असतं.

म्हणजे नानांचं बरोबर? थांबा. आता तोच चारचा प्रभाग ठेवा आणि मतदाराला चारऐवजी एकच मत द्या, पण पसंतीक्रमाचं : पहिली पसंती, दुसरी, तिसरी. निवडून यायला किती मतं लागतील? वैध मतं भागिले (जागा अधिक एक), त्यात एक मिळवा. १०० मतं असतील तर १०० भागिले ५ म्हणजे २०, अधिक १, २१. ज्याला २१ मिळाली तो आला, त्याची जादाची मतं पुढच्या पसंतीला सरकतात. सर्वांत मागे असलेला बाद, त्याचीही मतं सरकतात. ४०-३५-२५ चा निकाल साधारण २-१-१ लागतो.

दोन्हीकडे चार जागा, तेच मतदार, तेच उमेदवार. भांडण 'एक की चार' असं नाहीच. भांडण मत कसं मोजायचं याचं आहे.

चिंचगूळ

मास्तर, दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा कळलं. पहिल्यांदा शाळेतला घाम फुटला.

लिफीकाठची

मास्तरांनी गणितात सांगितलेलं मी प्रत्यक्ष केलंय!

नवऱ्याच्या नोकरीमुळे डब्लिनला येऊन सहा वर्षं झाली. इथे नागरिक नसलात तरी स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, नुसतं रहिवासी असून नाव नोंदवायचं. जून २०२४ मध्ये पहिल्यांदा दिलं. कागदी मतपत्रिका, हातभर लांब, प्रत्येक नावापुढे फोटो. पेन्सिलीने १, २, ३ लिहायचं. हवं तर १ लिहून घरी या, हवं तर शेवटपर्यंत सगळ्यांना नंबर द्या. नाना, तुमचे बाबा इथे असते तर एक आकडा लिहून बाहेर, कुणी अडवलं नसतं.

प्रचाराला येणारेही वेगळं बोलतात. एक काकू दारात आल्या, मी म्हटलं माझी पहिली पसंती दुसऱ्याला आहे. त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही, दुसरी मला द्याल का?" विरोधकाला शिव्या घालून उपयोग नाही, त्याच्या माणसांची दुसरी पसंती हवी असते ना!

मोजणी मात्र दोन-दोन दिवस चालते. कठड्यापलीकडे पक्षांचे लोक वह्या घेऊन उभे, एकेक कागद उघडला की टिंबं मारत बसतात. आणि खांबांवरचे प्रचाराचे बोर्ड मतदानानंतर सात दिवसांत काढावेच लागतात, नाहीतर दंड.

इथल्या सरकारनेही ही पद्धत मोडून आपल्यासारखी 'जास्त मतं त्याचा विजय' आणायचा दोनदा प्रयत्न केला होता, १९५९ आणि १९६८ मध्ये. पण घटना बदलायची तर सार्वमत घ्यावं लागतं. दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. १९५९ ला तर गंमत : त्याच दिवशी लोकांनी डी व्हॅलेरांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं आणि त्यांच्याच पक्षाची ही सूचना फेटाळली.

फुकटफौजदार

सात दिवसांत बोर्ड काढतात?? आमच्या चौकात २०१७ च्या विजयाचं अभिनंदन अजून आहे. आता त्यावरच २०२६ चं चिकटवलंय, भिंतीला आधार म्हणून.

आणि आयर्लंडचं कौतुक काय सांगता, तिथला २०२४ पर्यंतचा पंतप्रधानच आमच्या मालवण तालुक्यातला. लिओ वराडकर, वडील वराड गावचे. म्हणजे पद्धत कोकणी आहे हे सिद्ध.

माडाखाली

कोकणी म्हटलंत म्हणून आलो. नमस्कार, मडगावहून.

तुम्ही एक आणि चार मोजताय. आम्ही गोंयकार निवडून दिल्यावर मोजतो. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपात प्रवेश केला, २०२२ च्या सप्टेंबरात ११ पैकी ८ जणांनी. दोन तृतीयांश एकदम गेले की ते 'विलीनीकरण', पक्षांतर नव्हे. ४० जणांची विधानसभा, एका मतदारसंघात जेमतेम २५-३० हजार मतदार, आमदार लग्नाला आणि मयताला घरी येतो. यापेक्षा जवळचा प्रतिनिधी कुठे मिळणार? आणि तरी.

म्हणजे मतदारसंघ लहान केला की प्रतिनिधी तुमचा होतो हे काही खरं नव्हे.

एरवी आम्हाला जानेवारीतल्या मतदानाचं कौतुक आहे. १६ जानेवारी १९६७, जनमत कौल. दोन पानं की फूल, एवढाच प्रश्न. ३४ हजारांच्या आसपास मतांनी दोन पानं जिंकली आणि गोवा महाराष्ट्रात गेला नाही. एक माणूस, एक मत, एक प्रश्न. त्यानंतर इतकं सोपं मत आम्ही कधी दिलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा

आमचं विचारलं असतं तं आम्हीबी सांगितलं असतं. ;) (वेगळ्या विदर्भाचा धागा वेगळा आहे, मला माहीत आहे.)

धागाराखण

बरोबर, वेगळा आहे. तिथे ९०० प्रतिसाद आहेत, कृपया इथे आणखी ९०० नकोत. पक्षांतराचंही आवरतं घ्या.

आडवा_फाटा

मास्तरांचं गणित मान्य. पण दोन अडचणी आहेत, त्यांना कुणी हात लावला नाही.

एक, आरक्षण. अ, ब, क, ड या वेगवेगळ्या जागा आहेत. 'अ' अनुसूचित जाती, 'ब' ओबीसी महिला, असं. पसंतीक्रमाच्या एका मतात राखीव जागा कुठे बसवायची? कुणाच्या तरी हक्कावर टाच आणून साधलेलं गणित मला नको.

दोन, लोकांना जमेल का? पदवीधर मतदारसंघात हीच पसंतीची पद्धत आहे. जांभळं स्केचपेन हातात देतात, आकडा लिहा म्हणून बजावतात, आणि हे पदवीधर लोक 'एक' अक्षरात लिहितात, बरोबरची खूण करतात, काही जण खाली सही ठोकतात. मोजणीत हजारोंनी मतं बाद. पदवी असलेल्यांची ही तऱ्हा.

चिंचगूळ

जांभळं स्केचपेन! आणि त्यासाठी दर वेळी नव्याने नाव नोंदवायचं, १८ नंबरचा फॉर्म, पदवीची साक्षांकित प्रत. माझी पदवी गेल्या वेळेपासून कुठे पळून गेली होती कोण जाणे.

काळाकोट

@आडवा_फाटा, तुमची पहिली अडचण खरी आहे, आणि आपल्याकडे ती पूर्वी एकदा येऊन गेली आहे.

१९५२ आणि १९५७ च्या लोकसभेत दोन-दोन सदस्यांचे मतदारसंघ होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं. नियम असा : आधी राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मतं तो राखीव जागेवर, मग उरलेल्या सगळ्यांत ज्याला जास्त तो दुसऱ्या जागेवर. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरमला दोन्ही जागांवर अनुसूचित जमातीचे उमेदवार आले आणि व्ही. व्ही. गिरी पडले. ते न्यायालयात गेले की सर्वसाधारण जागेवर हा कसा? १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सर्वसाधारण म्हणजे सर्वांसाठी. १९६१ मध्ये कायदा करून हे मतदारसंघच काढून टाकले. गिरी पुढे राष्ट्रपती झाले, त्यामुळे त्यांचं फार नुकसान झालं नाही.

मुद्दा काय, की राखीव जागा आधी भरून बाकीच्या मतांवर, असा नियम करता येतो. तो इथे चालून गेलेला आहे.

त्याहून मागे जा. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत आपल्या मुंबई प्रांतात अनेक सदस्यांच्या मतदारसंघात मतदार आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देऊ शकत होता. संख्येने कमी असलेल्या समाजाला सगळी मतं एका माणसामागे लावता यायची. डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईतून निवडून आले ते याच पद्धतीत. तेव्हा मताचा हक्क मूठभरांना होता हे विसरून चालणार नाही. पण नाना, तुमच्या वडिलांनी १५ जानेवारीला जे मागितलं, 'मला एकच माणूस माहीत आहे', त्याची सोय तेव्हाच्या कायद्यात होती. चारही मतं त्या एकाला.

जुनापेठकर

ही माहिती नवी होती. आभार.

सदस्याबाई

'लोकांना जमेल का' हे मला पटलं नाही भाऊ. नंबर घोकून येणाऱ्या मावशींना चार रंगांत चार आकडे जमले. गावात बचत गटात कर्ज आधी कुणाला, नंतर कुणाला, हे बायका दर महिन्याला ठरवतात. तो पसंतीक्रमच आहे. पदवीधरांचं काय होतं ते पदवीधर जाणोत.

फुकटफौजदार

बाईंनी एका वाक्यात आम्हा सगळ्यांची पदवी काढून घेतली.

वऱ्हाडी_ठेचा

नोटाचं, म्हणजे त्या 'वरीलपैकी एकही नाही'चं, कोणी बोललं नाही. राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश आहे, पालिकांच्या निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. लोकसभेला हे नाही. पण यंदा राज्यात साठहून जास्त नगरसेवक बिनविरोध आले. तिथे मशीनच लागलं नाही, तर नोटा दाबायचं कुठं? २०२४ मध्ये सुरत लोकसभेचंही हेच. गावाकडं तं सरपंचपदाचा लिलाव होते. २०२१ मध्ये नाशिकच्या उमराण्याची अन् नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक आयोगानं त्याच्यापायी रद्द केली.

एकच उमेदवार असला तरी त्याच्यासमोर नोटा ठेवून मतदान घ्या, हे पत्रात टाका नाना.

निवांत_नाना

सगळं वाचलं. रात्री बसून मसुदा पुन्हा लिहिला. 'एकसदस्यीय वॉर्ड करा' हे वाक्य खोडलं. मनाला लागलं, पण खोडलं. आता असं आहे :

"आम्ही खाली सही करणारे मतदार मागणी करतो की, प्रभागातील सदस्यसंख्या आणि मतदानाची पद्धत एकदा ठरल्यावर पुढील जनगणनेचे आकडे येईपर्यंत बदलू नये. प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे परत द्यावेत. मुदत संपण्याआधी निवडणुक व्हावी, न झाल्यास विलंबाची कारणे दर महिन्याला सभागृहात मांडावीत. बहुसदस्यीय प्रभाग ठेवायचाच असेल तर मतदारास पसंतीक्रमाचे एकच मत असावे आणि राखीव जागा त्यात आधी भराव्यात, अन्यथा एकसदस्यीय वॉर्ड करावेत. बिनविरोध निवडणुकीतही 'वरीलपैकी एकही नाही' हा पर्याय मतदारासमोर ठेवावा."

वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "फार लांब आहे. ड्रेनेजचं कुठे आलं यात?"

त्यांना उत्तर देता आलं नाही.

चिंचगूळ

वॉर्ड समिती घाला. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या घटनेतच आहेत, आणि क्षेत्रसभेची तरतूद आपल्या कायद्यात २००९ पासून आहे. मतदान केंद्राच्या पातळीवरची शहरातली ग्रामसभाच ती. कुणी पाहिलीय का आपल्या भागात? झाकणाचं तिथे विचारता आलं असतं.

जुनापेठकर

मी नाही पाहिली. ६८ वर्षांचा आहे.

निवांत_नाना

घातलं. "क्षेत्रसभा वर्षातून किमान दोनदा भराव्यात आणि त्यांची तारीख सोसायटीच्या फलकावर आठ दिवस आधी लावावी." वडील म्हणाले, आता बरं आहे.

छापील कागद शनिवारपर्यंत. पहिल्या पन्नास सह्या आमच्या गल्लीतून घेतो. लिफीकाठच्या ताई, तुमचं नाव मतदार यादीत आहे का अजून?

लिफीकाठची

सासरी आहे, माहेरीही आहे. दोन्हीकडे नावापुढे दोन चांदण्या लावल्यात म्हणे, दुबार म्हणून. कुठल्या गावातून सही करू?

काळाकोट

एकीकडचं नाव आधी काढा, मग सही करा. नाना, पत्र टपालाने नका पाठवू. आवक विभागात हातोहात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. तीस दिवसांनी माहिती अधिकारात 'या क्रमांकाच्या पत्रावर काय कार्यवाही केली' असं विचारता येतं.

गणोबा_मास्तर

४०-३५-२५ चा तक्ता एका पानावर काढून देतो, पत्रामागे जोडा. आमदारसाहेब पत्र वाचणार नाहीत, पण आकडे दिसले की आपला पक्ष त्यात कुठला ते शोधतील.

आडवा_फाटा

मी सही करणार नाही, आधीच सांगतो. 'अन्यथा एकसदस्यीय वॉर्ड' मला मान्य नाही, आणि सरकार पहिलं वाक्य सोडून तेवढंच उचलेल अशी पैज लावतो.

पण मंत्रालयात जाणाऱ्या पत्रात "निवडणुक व्हावी" असं लिहू नका हो. 'निवडणूक' मधला णू दीर्घ. 'निवडणुकीत' मात्र ऱ्हस्व, ते बरोबर आलंय. छापायला टाकण्याआधी फाइल मला पाठवा, रात्रीतून तपासून देतो. आणि ते 'अन्यथा' काढणार असाल तर शेवटच्या पानावर एक ओळ रिकामी ठेवा.